सातव्याच्या आधी आठवा

३ फेब्रुवारी

आत्याबाई,

आज माझं मौन आहे. उद्या सकाळी सलग चार तास वाचायचंय, म्हणून आज दिवसभर घशाला सुट्टी. घरमालकिणीशी हातवारे करून बोलले तर ती म्हणाली, "माझ्याशी भांडलीस का?" तोंड बंद ठेवलं की माझे हात वळवळतात हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा भोग आता.

तुझं मागचं पत्र मी स्टुडिओत सगळ्यांना वाचून दाखवलं. "कानाने पुस्तक ऐकणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास गिळणं" हे वाक्य आमच्या रेकॉर्डिंगवाल्याला इतकं आवडलं की त्याने ते भिंतीवर चिकटवलंय. तू कितीही नावं ठेव, मी वाचणारच. परवा एका बाईचा निरोप आला. ती कारखान्यात आठ तास उभी राहून शर्टांना बटणं लावते. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, मोकळे फक्त कान. तिने वर्षभरात एकतीस पुस्तकं ऐकली. तुमच्या ग्रंथालयाच्या अख्ख्या कार्यकारिणीने मिळून तरी तेवढी वाचली असतील का?

आता खरी बातमी. साठ वर्षांपूर्वी एका लेखिकेने एक कादंबरी दर आठवड्याला सोळा पानं अशी बारा भागांत काढली होती. पुस्तकरूपात ती कधी आलीच नाही. ज्यांनी भाग जपले आणि बांधून घेतले, त्यांच्याकडेच ती उरली. आमच्या कंपनीने शोधशोध शोधली आणि प्रत सापडली कुठे, तर तुझ्या ग्रंथालयात! मागच्या पुठ्ठ्याच्या आत तुझी ती मुंगीएवढी सही. मी सगळ्यांना सांगितलं, ही माझी आत्या, हिने शिवलेलं पुस्तक हत्तीने ओढलं तरी उसवणार नाही.

मी ती वाचली. गेल्या आठवड्यात ती लोकांपर्यंत गेली. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदाच माझं नाव लेखिकेच्या नावाखाली लागलंय. आता तरी ऐकशील?

तुझी टकळी


११ फेब्रुवारी

चि. टकळीस,

आशीर्वाद. घसा जप. गरम पाण्याच्या गुळण्या कर, आणि मौनाच्या दिवशी निदान लिहिताना तरी थोडं कमी बोल.

ऐकणार नाही. एकदा सांगितलं ना. पुस्तक म्हणजे हातात वजन पाहिजे, किती उरलंय ते अंगठ्याला कळलं पाहिजे. मनात आलं की मागं जाता आलं पाहिजे, नावडलं की दोन पानं खुशाल गाळता आली पाहिजेत. तुझं यंत्र आपल्या चालीने चालणार आणि मी त्याच्या मागून फरफटत जाणार. हे वय आहे का माझं कुणाच्या मागून फरफटायचं?

तुझ्या बापाची तर वेगळीच तऱ्हा. त्याने ती ई-रीडर म्हणतात ती पाटी घेतल्यापासून मला भेटला की सांगतो, "ताई, यात चारशे पुस्तकं आहेत." मी विचारलं, वाचलीस किती? तर म्हणे, चार. जन्मभर दुकानदारांची वजनंमापं तपासली, अजून तपासतोच आहे. एका शब्दावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो, हे त्याने मला तीनदा दाखवलं. मला सगळ्या शब्दांचे अर्थ येतात.

त्या कादंबरीचं म्हणशील तर दुसरं काही मिळालं नाही का तुमच्या कंपनीला? एवढी पुस्तकं पडली आहेत जगात. असो. अडतीस वर्षं या टेबलाशी बसले, निवृत्त झाले तरी आठवड्यातून तीन दिवस येते, आणि आजवर माझ्या हातून सोळा पानांचा एक फर्मा इकडचा तिकडे झालेला नाही. हे सगळ्यांना सांगितलंस तर चालेल. बाकी काही सांगू नकोस.

तुझी
आत्या


२ मार्च

आत्या,

बाकी काय सांगू नको? तुझं पत्र वाचून वाटलं, तुझे दात दुखत असावेत.

ऐक आता. कादंबरी चालली! नुसती चालली नाही, धावतेय. रोज निरोप येतायत, आणि सगळे एकाच जागेबद्दल. मुलगी भांडून घर सोडते, आई आजारी असल्याचं कळतं, मुलगी निघते. आणि मग ती अख्खी दुपार. दोघी पायरीवर बसून कंदिलांच्या काचा पुसतात आणि बोलतात, जे आधी कधी बोलल्या नव्हत्या ते सगळं. त्यानंतरच्या भागात मुलगी पुन्हा येते तेव्हा दार बंद असतं, आई गेलेली. पण बोलणं झालेलं असतं गं, म्हणून ते बंद दार सोसवतं. एका नर्सने लिहिलंय की तो भाग ऐकून तिने चार वर्षांनी आईला फोन केला. मला हे वाचताना हुंदका आला होता आणि रेकॉर्डिंगवाल्याने तो तसाच ठेवलाय.

बाबांची गंमत सांगते. तीच कादंबरी दुसऱ्या एका कंपनीने दुसऱ्या कुणाच्या तरी प्रतीवरून टाइप करून ई-रीडरवर आणलीय. बाबांनी ती विकत घेतली. आता कानात माझा आवाज आणि डोळ्यांसमोर पाटी, ओळीवर बोट ठेवून लेक कुठे चुकते ते बघत बसलेत. आई म्हणते, जेवायला बोलावलं तर हात वर करतात, "थांब, परिच्छेद चाललाय."

तेव्हा घरात आता बाबाही ऐकणारे झाले. तू एकटी पडलीस.

टकळी


१९ मार्च

आत्या,

तू उत्तर पाठवलं नाहीस. पण थांबायला वेळ नाही, म्हणून पुन्हा लिहितेय.

कंपनीकडे एक तक्रार आलीय. ई-रीडरवरच्या प्रतीत सातवा भाग बंद दाराचा आहे आणि आठवा पायरीवरच्या दुपारचा. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये उलटं आहे. म्हणजे लेखिकेच्या गोष्टीत मुलगी पोचतच नाही. उशीर होतो. ती दुपार घडलेलीच नाही, बंद दाराशी बसून तिने मनात रचलेली आहे. मी हजारो माणसांना खोटी कादंबरी ऐकवली असं संपादकबाईंचं म्हणणं आहे.

पुस्तकाची पानं वाजतात म्हणून आम्ही सुट्या झेरॉक्स कागदांवरून वाचतो. प्रत्येक भागाचे पानांचे आकडे नव्याने एक ते सोळा, भागाचा आकडा कुठेच नाही. त्यामुळे सगळ्यांची खात्री झालीय की गठ्ठे मीच उलटसुलट केले. मूळ प्रत फेब्रुवारीतच तुमच्याकडे परत गेलीय. आत्या, तू फक्त एवढं कर, ती प्रत कपाटातून काढून बघ. तिच्यात जर आठवा आधी असेल तर मी सुटले. नसेल तर दहा एप्रिलला मला चुकीची कबुली लिहून द्यायची आहे आणि मग पुढचं पुस्तक मला मिळणार नाही. मिळणार नाही म्हणजे कधीच नाही. या धंद्यात 'कागद सांभाळत नाही' असं एकदा नाव झालं की झालं.

दोन ओळी लिही. लगेच.

टकळी


२४ मार्च

चि. टकळीस,

पत्र मिळालं. ती प्रत दुरुस्तीच्या कपाटात आहे, किल्ली ग्रंथपालबाईंकडे असते आणि त्या रजेवर आहेत. कधी येतील सांगता येत नाही.

पण एक विचारते. सुटे कागद होते म्हणतेस. सुटे कागद म्हणजे सुटी गुरं. शिवलेलं पुस्तक हातात धरून वाचलं असतंस तर हा प्रश्नच आला नसता. कधी स्टँडवरून पडले वगैरे होते का? नीट आठव. आपल्याकडून चूक झाली असेल तर मान्य करण्यात कमीपणा नाही.

तब्येत सांभाळ.

आत्या


२९ मार्च

आत्या,

हो. पडले होते. जानेवारीत एकदा, पंख्याने. मी गोळा केले आणि पुढे वाचत गेले. आता आठवतंय, किंवा तू विचारलंस म्हणून आठवतंय, मला कळत नाही.

तक्रार कुणाची होती ते काल कळलं. बाबांची. स्वतःचं नातं न सांगता त्यांनी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं की वाचन उत्कृष्ट आहे, परंतु दोन भागांचा क्रम तपासावा. त्यांना वाटलं, माझं काम आणखी चोख होईल. आता रोज फोन करतायत आणि मला बोलवत नाही, म्हणून फोन आईकडे देतायत.

कबुलीचा कागद टाइप करून ठेवलाय. शाळेच्या ऑफिसात माझी जुनी जागा अजून भरलेली नाही, तिथे विचारून आले. मोठ्या बाई म्हणाल्या, "शेवटी आलीस ना परत." मी हसले.

चूक कबूल करण्यात कमीपणा नाही हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. फक्त तुझ्याकडून आधी दुसरं काहीतरी येईल असं वाटलं होतं.

टकळी


१ एप्रिल

टकळे,

तो कागद फाड. आत्ताच्या आत्ता फाड, मग पुढचं वाच.

कपाटाची किल्ली गेली अठ्ठावीस वर्षं माझ्या कनवटीला आहे. ग्रंथपालबाई रजेवर नाहीत, समोर बसून चहा पितायत. मी तुला खोटं लिहिलं. प्रत बघायची मला गरजच नव्हती. तिच्यात आठवा भाग सातव्याच्या आधी आहे. तू कागद उचललेस ते बरोबरच उचललेस, आणि जे समोर होतं तेच वाचलंस.

आणि ही बाइंडिंगमधली चूक आहे असं मनातसुद्धा आणू नकोस. माझ्या हातून चूक होत नाही. मी ते मुद्दाम केलं.

बावीस वर्षं झाली. तू आठ वर्षांची होतीस. तुझी आजी मला एकदा म्हणाली, "लोकांची पुस्तकं शिवतेस, घरात फाटलंय ते दिसत नाही तुला." मी तिला काय उलट बोलले ते लिहिणार नाही. त्यानंतर अकरा महिने मी घरी गेले नाही. मग एका मंगळवारी सकाळी धाकट्याचा, तुझ्या बापाचा, इथे ऑफिसात फोन आला, ताई, लगेच नीघ. मी म्हटलं, दोन पुस्तकं शिकंज्यात दाबून ठेवलीत, ती उरकते आणि दुपारच्या बसने येते. शिकंज्यातली पुस्तकं आठवडाभर तशीच राहिली असती तरी त्यांना काही झालं नसतं. मला आईसमोर जायची भीती वाटत होती, एवढंच खरं आहे. संध्याकाळी पोचले तेव्हा दारात माणसं उभी होती, आणि धाकट्याने मला बघून मान खाली घातली.

दोन आठवड्यांनी कामावर आले तर टेबलावर कुणीतरी जपून ग्रंथालयाला दिलेले हे बारा भाग पडलेले. शिवण्याआधी मी सगळं वाचते, क्रम लावायला. सातवा वाचला. आठवा वाचला. मग आठवा आणखी तीनदा वाचला. प्रत्येक भागाला रंगीत वेष्टण होतं, त्यावरच भागाचा आकडा. ती वेष्टणं बांधताना काढून टाकायचीच असतात. पहिल्या पानाच्या तळाशी भागाचा एक बारीक आकडा असतो, तो मी कडा कापताना घालवला. आठवा आधी ठेवला, सातवा नंतर, आणि शिवून टाकलं. निदान एका पुस्तकात तरी ती वेळेवर पोचू दे, असं वाटलं.

मला तो अधिकार होता का? नव्हता. पस्तावा होतो का? नाही होत, उगाच खोटं कशाला लिहू? जन्मभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या क्रमाने शिवलं, एक पुस्तक माझ्या क्रमाने शिवलं. पण त्याचं ओझं मी तुझ्या डोक्यावर टाकलं. भित्री पहिल्यांदा त्या मंगळवारी झाले आणि दुसऱ्यांदा चोवीस मार्चला. त्याची क्षमा मागते. तेवढ्याचीच.

सोबत कंपनीच्या नावाने पत्र आहे, सहीनिशी. त्यात त्यांनी कुठेही 'अनवधानाने' हा शब्द घालू नये असं बजाव. तसंच पत्र इथे ग्रंथपालबाईंच्या हातात दिलंय. त्यांचा चहा निवला.

आत्या


१३ एप्रिल

आत्या,

पहिले दोन दिवस मला तुझा इतका राग आला होता की मौनाच्या दिवशी मी एकटीच खोलीत मोठमोठ्याने बोलले. पंख्याने कागद पडले होते की नाही हेही मला आता आठवत नाही. तू विचारलंस आणि मी स्वतःला दोषी धरून मोकळी झाले. हे मी लवकर विसरणार नाही, आणि तू मला 'विसर' म्हणू नकोस.

संपादकबाईंनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग स्वतः गाडी काढून तुमच्या ग्रंथालयात गेल्या, तळाच्या कापलेल्या कडा बघितल्या आणि परत येऊन सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. पुढचं पुस्तक माझंच आहे. 'अनवधानाने' कुणी लिहिलेलं नाही. रेकॉर्डिंगवाला विचारतोय, त्या बाई आपल्याकडे नोकरीला येतील का.

आता माझं ऐक. सातवा आणि आठवा मी पुन्हा वाचणार आहे, लेखिकेच्या क्रमाने. तुला पटो न पटो. त्या बाईने उशीर लिहिला होता. तुला तो सहन झाला नाही म्हणून तू तिचा उशीर चोरलास. मी तो परत देणार. ऐकणारे चिडतील, नर्सबाई रडतील, तरी देणार. तूच शिकवलंस ना की कुणी काही म्हटलं तरी आपलं काम आपण करायचं?

जुनं रेकॉर्डिंग महिनाअखेरीला काढून टाकतील. त्याच्या आत बाबांकडे जा आणि ऐक. ही विनंती नाही.

टकळी


३० एप्रिल

चि. टकळीस,

आशीर्वाद. आधी इकडची हकिकत.

कार्यकारिणी बसली. सातजण, आणि त्यातल्या एकानेही ती कादंबरी वाचलेली नव्हती. अध्यक्ष म्हणाले, बाई, पुस्तक उसवून नीट बांधा आणि किल्ली जमा करा. मी किल्ली टेबलावर ठेवली. उसवायला नकार दिला. म्हटलं, ज्याला उसवायचं असेल त्याने उसवावं, बसवून दाखवतो का ते बघू. कुणी हात लावला नाही. मग मीच पहिल्या पानावर खळीने एक चिठ्ठी डकवली: "या प्रतीत आठवा भाग सातव्याच्या आधी मुद्दाम बांधला आहे. लेखिकेचा क्रम हवा असल्यास ई-रीडरवर वाचावे अथवा कानांनी ऐकावे." खाली सही, या वेळी मोठी. मला असं काही लिहावं लागेल हे कुणी वर्षभरापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला दाभण टोचलं असतं.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, पुस्तकाला पहिल्यांदाच रांग लागलीय. सगळ्यांना उलटी प्रत हवी आहे.

काल धाकट्याकडे गेले. त्याने ऐकायची एक गोळी माझ्या कानात बसवली, एक स्वतःच्या, आणि पाटी काढून बसला. ती दुपार आली तेव्हा त्याने पाटी बंद करून मांडीवर ठेवली. तू वाचतेस चांगलं. मला पान उलटावंसं वाटलं नाही, मागंही जावंसं वाटलं नाही. फक्त त्यातली आई "आलीस? बस जरा" असं म्हणते ते तू फार मऊ वाचलंस. मी धाकट्याला म्हटलं, आपली आई असं म्हणाली असती होय? ती ओरडली असती, आलीस एकदाची, बस आता.

तो हसला. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी ती दोनदा म्हणाली, येतेय का ती? मी सांगितलं, येतेय, बसमध्ये बसलीय, अर्ध्या वाटेवर आहे."

मी तेव्हा टेबलाशी होते, टकळे. त्याला पक्कं माहीत होतं, मी दुपारच्या बसने निघणार म्हणून. जन्मभर एका ग्रॅमचा फरक ज्याने कुणाला माफ केला नाही, तो माझ्यासाठी आईशी खोटं बोलला आणि बावीस वर्षं मला कळू दिलं नाही. मी विचारलं, मग ती काय म्हणाली? तो म्हणाला, "काही नाही. तुझ्यासाठी पांघरूण काढून ठेव म्हणाली."

आम्ही दोघंही रडलो, आणि तुझा आवाज आमच्या कानात पुढे वाचत राहिला. थांबवायचं कसं ते आम्हाला दोघांनाही सुचलं नाही.

आता तू खऱ्या क्रमाने वाच. बंद दार आधी, दुपार नंतर. काही मऊ करू नकोस. आम्ही दोघं ऐकणार आहोत, आणि या वेळी पाटी कपाटात असेल.

तुझी
आत्या